दोनदाच वापरलेला टब

सेकंड-हँड वस्तूंच्या जाहिरातीत 'फक्त दोनदा वापरलेला' असे लिहिणाऱ्या माणसाकडून ती दोन वेळा कोणत्या, हे तारीखवार लिहून घ्यावे, अशी माझी मागणी आहे आणि ती मी पूर्ण शुद्धीत करतो आहे. गेल्या फेब्रुवारीत इथे इंग्लंडमध्ये, रीडिंगला, मी चार माणसांचा एक फुगवायचा हॉट टब, म्हणजे गरम पाण्यात बुडबुडे सोडणारा, आत बसायचा टब, एकशे वीस पौंडांना विकत घेतला. नव्या टबाला चारशेच्या आसपास पडतात, तेव्हा आपण चांगलाच सौदा केला अशा समजुतीत मी दोन दिवस घरात छाती काढून फिरत होतो. 2020 च्या लॉकडाउनमध्ये या देशातल्या निम्म्या गल्लीने असे टब घेतले होते आणि आता ते सगळे गॅरेजांतून बाहेर पडून माझ्यासारख्यांच्या गळ्यात मारले जात आहेत, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवे होते.

विकणाऱ्याने टब फुगवून दाखवला नाही. गॅरेजमध्ये जागा नाही आणि बाहेर पाऊस आहे, असे त्याने सांगितले, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळे मीही गप्प बसलो. गुंडाळलेल्या टबाची एक कड त्याने उलगडली तेव्हा ओल्या पोत्यासारखा वास आला. बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी त्याच क्षणी मनावर घेतली असती, तर आज हे लिहायची वेळ आली नसती. "थोडासा धुऊन घ्या, बाकी एकदम चालू आहे," असे तो म्हणाला. दिवसभर संगणकासमोर बसून माझी कंबर धरलेली असते, आणि कंबर धरलेल्या माणसाला गरम पाण्याचे चित्र दाखवले की त्याची अक्कल गहाण पडते.

टब फुगवला आणि सकाळी पाहतो तर त्याची एक बाजू भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्यासारखी खचलेली. लहानपणी सांगलीत सायकलवाला ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून पंक्चर शोधायचा. पण दोन मीटर रुंदीचा टब कोणत्या घमेल्यात बुडवणार? शेवटी भांडी घासायच्या साबणाचे पाणी स्पंजने अंगभर लावत मी आणि माझी मुलगी गुडघ्यांवर त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत राहिलो. तळाच्या शिवणीजवळ बारीक बुडबुडे येताना तिलाच दिसले. त्याच जागेच्या शेजारी एक जुने ठिगळ होते, नीट गोल कापलेले आणि कडा पिवळ्या पडलेले. दोनदा वापरलेल्या टबाला ठिगळ कधी लागले, हा प्रश्न मी त्या विक्रेत्याला त्याच रात्री लिहून पाठवला. त्याचे उत्तर पुढे सांगतो.

मग पाणी. अशा टबात आठशे लीटर पाणी मावते, म्हणजे माणसे आत बसण्याआधीच आठशे किलो वजन. हिवाळ्यातले नळाचे पाणी बारा अंशांचे धरले आणि ते अडतीसवर न्यायचे म्हटले, तर वाटेत एक अंशही वाया न जाता चोवीस युनिट वीज लागते. ही आकडेमोड नववीतला मुलगाही करील, फक्त ती मी पैसे देऊन झाल्यावर केली. हीटर दोन किलोवॅटचा, म्हणजे कागदावर बारा तास. प्रत्यक्षात उघड्यावर ठेवलेल्या टबातून उष्णता पळत असल्यामुळे माझ्या टबाला एकोणीस तास लागले. युनिटला सत्तावीस पेन्सच्या दराने ही फक्त पहिली भट्टी झाली. नंतर पाणी नुसते गरम ठेवायला मीटर रोज आठ-नऊ युनिट खात होता. आईला फोनवर हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "अरे, चार ढलप्यांत आपला बंब पेटायचा आणि सगळ्या घराच्या आंघोळी व्हायच्या." यावर मी काय बोलणार होतो?

बरे, गरम झालेल्या पाण्यात सुखाने बसावे, तर ज्या बुडबुड्यांसाठी हा सगळा खटाटोप केला ते चालू करताच बाहेरची थंड हवा पाण्यात घुसते आणि पाणी निवायला लागते. माझ्या मॉडेलमध्ये तर बुडबुडे चालू असताना हीटर आपोआप बंद होतो. म्हणजे बुडबुडे हवे असतील तर ऊब सोडा आणि ऊब हवी असेल तर बुडबुडे सोडा. जाहिरातीतल्या फोटोत शँपेनचे ग्लास घेऊन हसणारी मंडळी नक्की कशाला हसत असतात, ते मला त्या दिवशी कळले.

चौथ्या दिवशी पंपाच्या पडद्यावर 'ई-झिरो-टू' झळकले, म्हणजे पाणी नीट फिरत नाही. फिल्टर काढला. चहाची गाळणी वर्षभर न धुता तशीच वापरावी, तसा तो तपकिरी आणि बुळबुळीत होता. नवा घातला तरी ती अक्षरे हटेनात, म्हणून पंपाची नळी सोडवून टॉर्चने आत पाहिले, तर हीटरभोवती पांढऱ्या क्षाराचा बोटाच्या पेराएवढा थर. रीडिंगचे पाणी जड आहे, किटलीतही पांढरे साचते, हे मान्य. पण किटलीत एवढा थर जमायला आम्हाला अनेक महिने लागतात, दोन वेळच्या वापरात तो जमत नाही. लिंबाचे सत्त्व विरघळवलेले पाणी रात्रभर पंपातून फिरवले, तेव्हा कुठे तो भडवा चालू झाला. या शब्दाबद्दल क्षमा मागावी असे मला वाटत नाही.

सगळ्यात मोठा अपमान मात्र पाहुण्यांसमोर झाला. दोन मित्रकुटुंबे आली होती, मुले पोहण्याचे कपडे घालून रांगेत उभी होती, मी ऐटीत बुडबुड्यांचे बटण दाबले आणि नळ्यांमधून करड्या-तपकिरी पापुद्र्यांचे थवे वर आले. दूध नासल्यावर साय फाटून तरंगते ना, अगदी तसे. जुन्या टबाच्या नळ्यांत आतून जंतूंचा चिकट थर धरतो, आणि वरून कितीही क्लोरीन टाकले तरी तो सहज सुटत नाही. त्यासाठी वेगळे रसायन घालून पाणी फिरवायचे, मग सगळे पाणी काढायचे आणि पुन्हा भरायचे. असल्या पाण्यात बसले तर अंगावर पुरळ उठू शकते. मुलांना भजी देऊन घरात बसवले. आठशे लीटर पाणी त्या रात्री मी बागेच्या नळीने गटारात सोडत बसलो होतो, आणि त्या पाण्याबरोबर चोवीस युनिटांची ऊबही चालली होती.

त्यानंतर मी माणूस राहिलो नाही, टबाचा पुजारी झालो. सकाळ-संध्याकाळ कागदी पट्टी बुडवून रंग जुळवायचे, पीएच सात पूर्णांक दोन ते सात पूर्णांक सहाच्या मध्ये ठेवायचा, क्लोरीन तीन ते पाचमध्ये. गरम पाण्यातून ते लवकर उडून जाते, म्हणून पुन्हा टाकायचे. फिल्टर धुवायचा, झाकण पुसायचे, बाहेर बर्फ पडणार असेल तर पंपाची काळजी करायची. पट्ट्या, गोळ्या, दोन फिल्टर, ठिगळांचा संच आणि नवे झाकण मिळून एकशे चौदा पौंड झाले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच, आणि वर विजेचे बिल मी यात धरलेलेच नाही.

आता त्या विक्रेत्याचे उत्तर. "आमच्याकडे असताना चालत होता," एवढेच त्याने लिहिले आणि पुढे अंगठ्याचे चित्र टाकले. ग्राहकांना संरक्षण देणारा 2015 चा कायदा दुकानदाराकडून घेतलेल्या मालाला लागू होतो, खाजगी माणसाकडून घेतलेल्याला नाही. वस्तू वर्णनाप्रमाणे असली पाहिजे एवढे बंधन त्याच्यावरही असते. पण 'दोनदा' हा शब्द खोटा होता हे एकशे वीस पौंडांसाठी न्यायालयात सिद्ध करायला मी जाणार नाही, याची त्यालाही खात्री होती. त्या अंगठ्याचा मला अजून राग येतो.

टब आता शेडमध्ये आहे. मी त्याची प्रामाणिक जाहिरात दिली: दोन ठिगळे आहेत, हीटरवर क्षार बसतो, नळ्या एकदा रसायनाने धुतल्या आहेत, फुगवून दाखवीन, तीस पौंड. तीन आठवड्यांत एकाही माणसाने विचारपूस केली नाही. काल रात्री त्याच यादीत माझ्या जाहिरातीखाली दुसरी एक आली, 'फक्त दोनदा वापरलेला', एकशे चाळीस पौंड, फोटोत गुंडाळलेला टब आणि मागे गॅरेजचे दार. सकाळपर्यंत तिच्यावर 'विकला' असा शिक्का पडला होता.