नवीन खेळाडूला आधी रूलबुक वाचायला लावू नका

रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकानं एकेक पात्र घेऊन मिळून गोष्ट रंगवायचा खेळ, शिकायचाय असं कोणी म्हटलं की बहुतेक ग्रुपमध्ये एकच उत्तर मिळतं, "आधी रूलबुक वाचून ये." मला हे अजिबात पटत नाही.

मी स्वतः तसाच शिकलो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या अशाच खेळाचं २०१४ सालचं खेळाडूंचं पुस्तक, तीनशेच्या वर पानं. पंधरा दिवस वाचत होतो, वहीत टिपणं काढली. पहिल्या खेळात डीएमनं (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा) विचारलं, "समोर दार आहे, आतून आवाज येतोय. काय करतोस?" आणि मी कॅरेक्टर शीटवर, म्हणजे माझ्या पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावर, उत्तर शोधत बसलो. दाराला कान लावावा हे सुचलंच नाही, कारण ते शीटवर कुठे लिहिलेलं नव्हतं. एवढं वाचून माझा समज झाला होता की शीटवर जे आहे तेवढंच करता येतं.

खरं तर सुरुवातीला एकच गोष्ट लागते. तुमचं पात्र काय करतंय ते साध्या भाषेत सांगा. ते जमेल की नाही अशी शंका असेल आणि फसल्यावर काही बिघडणार असेल, तरच डीएम फासा टाकायला सांगेल. वीस बाजूंचा फासा टाका, त्यात तुमचा मॉडिफायर (पात्राच्या गुणावरून निघणारा छोटा आकडा) मिळवा, डीएमच्या मनातल्या आकड्याइतकं किंवा जास्त आलं की जमलं. बाकीचा बराचसा डोलारा यावरच उभा आहे.

नवा माणूस अडखळतो त्या जागा ठरलेल्या आहेत. ताकद १६ लिहिलेली असते, पण फाशात मिळवायचे असतात ३. (१६ मधून १० वजा, उरलेल्याचं निम्मं.) दोन आकडे शेजारी शेजारी, त्यातला मोठा बहुतेक वेळा वापरायचाच नाही! हे पुस्तकात वाचून डोक्यात राहत नाही, तीनदा फासा टाकला की आपोआप बसतं. दुसरी जागा म्हणजे वार लागला का याचा फासा वेगळा आणि लागल्यावर इजा किती याचा वेगळा.

अ‍ॅडव्हान्टेजचंही (परिस्थिती तुमच्या बाजूची असली की मिळणारी सवलत) तसंच. दोन फासे टाकायचे, मोठा धरायचा. फाशावर ११ किंवा जास्त हवे असतील तर एरवी शक्यता ५० टक्के, अ‍ॅडव्हान्टेज असेल तर ७५. पण आकडेवारी सांगून काय होणार? पहिल्या फाशावर ४ आणि दुसऱ्यावर १७ पडले की खेळाडू पुढच्या वेळी स्वतःहून अ‍ॅडव्हान्टेज कुठून मिळेल ते शोधायला लागतो.

हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला, तेव्हा खोक्यात तीन बारक्या पुस्तिका होत्या. त्याही वॉरगेम (लुटुपुटूच्या लढायांचे खेळ) खेळणाऱ्यांना समोर धरून लिहिलेल्या, मुखपृष्ठावर तसं छापलेलंच होतं. ज्याला येतं त्याच्या शेजारी बसून शिकणं हीच त्यातली सोपी वाट होती, आणि माझ्या मते आजही तीच आहे.

डीएमनं मात्र वाचलंच पाहिजे, तिथे सूट नाही. आणि ज्याला जादूगारच व्हायचंय त्यानं निदान आपले मंत्र तरी वाचून यावं. प्रत्येक टर्नला पाच जणांनी थांबायचं हे बरोबर नाही. पहिल्या खेपेला लढवय्या घ्या, असं मी आग्रहानं सांगतो.

आमच्याकडे अलीकडे एक मुलगी आली. पुस्तक उघडूनही पाहिलेलं नव्हतं. तिसऱ्या खेळात पहारेकरी अंगावर आला तेव्हा ती म्हणाली, "तलवार नको. खिडकीचा पडदा ओढून त्याच्या डोक्यावर टाकला तर?" आम्ही सगळे गप्प. मग तिनंच हात पुढे केला, "द्या ते पुस्तक इकडे, समोरच्याला दिसत नसेल तर काय होतं ते बघू."