आजी, जुने पेपर आणलेत का?

आज आईला घेऊन एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गेलो होतो. नाव लिहीत नाही, उगाच तिथल्या सिस्टरच्या डोक्याला ताप. दारातला क्यूआर कोड मोबाईलने स्कॅन केला, आईचा १४ आकडी 'आभा' नंबर (सरकारी आरोग्य-ओळख, तिला आपले वैद्यकीय कागद ऑनलाइन जोडता येतात) आधीच काढलेला, दोन मिनिटांत टोकन. आई जाम खूश. "बघ, सुधारलं हो सगळं."

दीड तासाने नंबर लागला. डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता विचारलं, "आजी, जुने पेपर आणलेत का?"

झालं. निघाली पिशवी. दादरच्या साडीच्या दुकानातली, एक बंद तुटलेली. आमच्या गल्लीतल्या नर्सिंग होमचा चार वर्षांपूर्वीचा ईसीजी त्यात, आणि कागद पार पांढरा पडलेला. बाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरून बघितला. रेघ असेल तर दिसणार ना!

आता माझं डोकं का फिरलं ते सांगतो. हे आभा ज्यातलं, त्या केंद्र सरकारच्या डिजिटल आरोग्य मिशनला २०२२ मध्ये पाच वर्षांसाठी १,६०० कोटी मंजूर झाले. २०२३च्या जानेवारीपासून वर बक्षिसी सुरू झाली: ठरलेल्या आकड्यापुढे आभाला जोडलेल्या दर नोंदीमागे हॉस्पिटलला २० रुपये, सॉफ्टवेअरवाल्यालाही त्याचा वाटा. म्हणजे नोंद चढवली की पैसे. पुढच्या डॉक्टरने ती उघडली का, हे कोण बघतंय? अमेरिकेनेही २००९च्या कायद्याने डॉक्टरांना पैसे देऊन कॉम्प्युटरवर आणलं, पण नुसता विकत घेऊन भागत नव्हतं, वापरताय हे दाखवावं लागायचं. (तिथले डॉक्टरही टायपिंगच्या नावाने बोंबलतातच म्हणा.)

केसपेपरची रांग गेली, हे मान्य. त्या खिडकीवर मी तासन् तास उभा राहिलोय.

आणि त्या बाईंचा तरी काय दोष? सत्ताविशीची पोर, बाहेर शंभर माणसं, टेबलावरच्या कीबोर्डवर केसपेपरचा गठ्ठा. तपासणार कधी, टाईप करणार कधी? प्रत्येक ओपीडीत टायपिंगला एक माणूस द्या की आधी! आणि गल्लीतला छोटा नर्सिंग होमवाला २० रुपयांसाठी जुन्या फायली उपसत बसेल होय?

शेवटी नवीन ईसीजी काढला. आईने घडी घालून त्याच पिशवीत ठेवला.

हे लिहितोय आणि ती आतून ओरडतेय, "झेरॉक्स काढलीस का? हापण उडेल." निघतो, दुकान नऊला बंद होतं.