वॉर्डबॉय एजन्सीचा असला तरी हॉस्पिटलला हात झटकता येत नाहीत

गेले चार दिवस आमच्या गोव्यातल्या पेडण्यातल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, की नर्स किंवा वॉर्डबॉयमुळे पेशंटला इजा झाली तर हॉस्पिटलवर केस होत नाही, कारण ते कंत्राटी असतात, अ‍ॅडमिट होताना आपण सही दिलेली असते, आणि सरकारी दवाखान्यात फुकट उपचार म्हणून तिथे तर बोलायचंच नाही. हे वाचून लोक गप्प बसतात, म्हणून लिहितोय.

आधी कंत्राटी लोकांचं. 2004 मध्ये सविता गर्ग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की डॉक्टर पगारी असो की बाहेरून येणारा, पेशंट हॉस्पिटलकडे आलेला असतो, त्यामुळे उत्तर हॉस्पिटलने द्यायचं, आणि काळजी घेतली होती हे दाखवायचं कामही त्यांचंच. त्याआधी 1998 चं स्प्रिंग मेडोज प्रकरण बघा, नर्सने लहान मुलाला भलतंच इंजेक्शन शिरेतून दिलं, मेंदूला कायमची इजा झाली, आणि हॉस्पिटलला मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडलांना वेगळे पाच लाख द्यावे लागले.

माझ्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं एका खाजगी हॉस्पिटलात. दुसऱ्या रात्री अटेंडंटने चादर बदलली आणि कॉटची रेलिंग खालीच ठेवून निघून गेला, पहाटे आई पडली आणि मनगट मोडलं. मॅनेजर म्हणाला, "तो एजन्सीचा माणूस, आमचा नाही." त्या माणसाच्या शर्टाच्या खिशावर हॉस्पिटलचंच नाव शिवलेलं होतं, आणि बिलात रोजचे नर्सिंग चार्जेस लावलेले, तिथे एजन्सीचं नाव कुठेच नव्हतं.

सहीचं म्हणाल तर ती ऑपरेशनच्या धोक्याला दिलेली असते, रेलिंग खाली ठेवायला नाही.

सरकारी दवाखान्याचं मेसेजमध्ये अर्धवट सांगितलंय. जिथे सगळ्यांनाच पूर्ण फुकट तिथे ग्राहक आयोगात जाता येत नाही हे खरं, पण सुप्रीम कोर्टाच्या 1995 च्या शांता निकालाप्रमाणे जिथे काही जण पैसे भरतात तिथे फुकटवाला पेशंटही ग्राहक धरला जातो, आणि जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात, 2018 पासून गोव्याबाहेरच्यांना चार्जेस लागतात हे आपल्याला माहीत आहेच, तेव्हा हा मुद्दा तिथेही मांडता येतो. शिवाय दिवाणी कोर्ट आहेच. औरंगाबादच्या सिव्हिलमध्ये 1963 साली ऑपरेशन करताना बाईच्या पोटात टॉवेल राहिला, ती गेली, आणि 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारलाच जबाबदार धरलं.

एखाद्या कर्मचाऱ्याने पेशंटची छेडछाड, मारहाण केली तर तुरुंगात तो माणूस जाईल, ते बरोबर. पण रात्री बायकांच्या वॉर्डात कोण फिरतंय हे बघणं हॉस्पिटलचं काम, त्यात कसूर झाली तर भरपाई त्यांच्याकडूनही मागता येते.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मला मान्य आहे, पेशंट बरा झाला नाही म्हणजे चूक झालीच असं नाही. म्हणूनच कागद लागतात. लेखी अर्ज केला की 72 तासांत रेकॉर्ड द्यायचा नियम आहे, अर्जाच्या कॉपीवर शिक्का आणि तारीख घ्या, आणि डिस्चार्ज समरीवर भागवू नका, नर्सिंग नोट्स मागा. आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, उत्तर गोव्याचा पर्वरीला आणि दक्षिणेचा मडगावात. आईच्या नोट्समध्ये रात्री बारानंतर सकाळी सहापर्यंत एकही नोंद नव्हती, तेच पान आम्ही तक्रारीला पहिलं लावलंय.