बसलेल्या नायकाला उठवण्याविषयी

कथा लिहिणाऱ्या माणसाला लोक हमखास विचारतात, "तुम्हाला सुचतं कसं हो?" सुचायला काय, अंघोळ करतानाही सुचतं. बसलेल्या माणसाला तुम्ही उठवता कसं, हे मात्र मला आजवर कोणी विचारलेलं नाही, आणि माझी हाडं झिजतात ती तिथेच.

सध्या माझा नायक थोरल्या भावासमोर खुर्चीत बसला आहे. वडिलांच्या मृत्युपत्रावरून दोघांचं कडाक्याचं वाजलं आहे. आता त्याने फक्त उठायचं आणि घर सोडून जायचं. 'तो उठला. त्याने खुर्ची मागे सारली. दारापाशी गेला. दार उघडलं. बाहेर पडला. दार लावलं.' ही कथा आहे की पोलिसांपुढचा जबाब? शिवाय खुर्ची आधी सारतात की आधी उठतात? मी स्वतः उठून पाहिलं. मग बसलो आणि पुन्हा उठून पाहिलं. नीट लक्ष देऊन उठायला गेलं की माणसाला उठताच येत नाही.

मधलं सगळं गाळून 'तो तडक बाहेर पडला' असं लिहावं, तर दोन पानं आधी मी त्याचे बूट काढून कोपऱ्यात ठेवलेत. वातावरणनिर्मिती, दुसरं काय! म्हणजे आता एक तर ऐन संतापात त्याने खाली वाकून नाड्या बांधायच्या, नाहीतर अनवाणी जायचं. अनवाणी गेला की समीक्षकांना त्यात मुळांपासून तुटलेपण दिसणार.

बरं, बूट तिथेच पडू द्यावेत, तर रशियन नाटककार चेकॉव्ह आडवा येतो. कोणी झाडणार नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये, असं त्याने १८८९ साली एका पत्रात बजावलं. तेव्हापासून लिहिणारी माणसं कथेतल्या भिंतीवर साधं कॅलेंडर टांगतानाही दचकतात. बंदुकीचं एक बरं असतं, ती उडते तरी. बूट उडवायचे म्हणजे भावाच्या अंगावर फेकायचे, आणि मग शोकांतिका कुठली उरते!

बाकीच्या गुरुजनांचाही उपयोग नाही. 'राजा मेला आणि मग राणी मेली' ही नुसती गोष्ट, 'राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली' हे कथानक, असं इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टरने १९२७ साली सांगून ठेवलं. त्याचं ठीक होतं. त्याची दोन्ही पात्रं मेलेली, त्यांना खुर्चीतून उठायचं नव्हतं. आणि तो दुसरा इंग्रज कादंबरीकार, ट्रोलोप! घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहायचा. माझा नायक उठेपर्यंत त्याच्या नायकाचं लग्न होऊन मुलं शाळेत गेली असती.

ग्रीक नाटकवाल्यांनी सोय छान केली होती. सगळं अडलं की यारीला, म्हणजे क्रेनला, बांधून एक देव वरून खाली सोडायचा, तो गुंता सोडवून टाकी. ॲरिस्टॉटलला हे पसंत नव्हतं. गुंता कथानकातूनच सुटायला हवा, असं त्याचं म्हणणं. आजकाल यारीची जागा मोबाइलने घेतली आहे. पात्र अडकलं की फोन वाजवायचा. मीही वाजवला. नायकाने तो खिशातून काढला, बसल्या बसल्याच बोलला आणि परत ठेवून दिला.

मग राहिला अमेरिकन कथाकार हेमिंग्वे. हिमनगाचा आठवा हिस्साच पाण्यावर असतो, लेखनाचंही तसंच असावं, हे त्याचं १९३२ सालचं मत. हा उपाय मला स्वस्तातला वाटला. मृत्युपत्राचा सगळा भाग मी पाण्याखाली ढकलला आणि कागद धाकट्या बहिणीच्या हाती दिले.

"दादा, हे दोघं भांडतायत कशावरून?"

"ते पाण्याखाली आहे गं."

"मग वर काय आहे?"

"बूट."

हेमिंग्वेची एक अट मात्र मी कसोशीने पाळली होती. जे गाळायचं ते लेखकाला पक्कं माहीत हवं, नाहीतर लिखाणात पोकळ जागा राहतात. मला तर साक्षीदारांच्या सह्यासुद्धा पाठ होत्या. म्हणून मी तिला सगळं मृत्युपत्र सांगितलं. कोणाला काय मिळालं, आजारपणात कोण जवळ होतं, कोण नुसतं पत्रं पाठवत होतं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग थोरल्याचंच बरोबर आहे की. हा कशाला तणतणत उठतोय? बसू दे त्याला."

थोरल्या भावाविषयी तिने इतक्या आपुलकीने बोलण्याचा हा आमच्या घरातला पहिलाच प्रसंग, त्यामुळे मला वाद घालवेना. शिवाय तांत्रिकदृष्ट्या तिची सूचना सोन्यासारखी आहे. घर सोडायचंच असेल तर थोरल्याने सोडावं. तो पहिल्या पानापासून उभाच आहे, दाराजवळ आहे, पायात बूट आहेत. अडचण एवढीच, की त्याचा उजवा हात मी खिशात घालून ठेवलाय आणि खिशात काहीतरी जड आहे, असंही लिहून बसलोय. आता दार डाव्या हाताने उघडतं का, ते पाहायला हवं.