सगळं पँडोरावर ढकलू नका

सध्या एक पोस्ट भरपूर फिरते आहे. तिचं म्हणणं असं: ग्रीक पुराणातली भूक, कष्ट, यातना, दारिद्र्य ही सगळी पँडोराच्या, म्हणजे त्या पुराणातल्या पहिल्या स्त्रीच्या, पेटीत कोंडलेली भुतं होती, एका बाईच्या नसत्या उत्सुकतेपायी ती सुटली, आणि ग्रीकांच्या लेखी ही भुतं निव्वळ दुष्ट होती.

मुळात पेटी नव्हतीच. हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीच्या काव्यात आहे तो मोठा रांजण. पेटी सोळाव्या शतकात इरॅस्मस या डच विद्वानाच्या लेखनातून आली. हेसिअड पँडोराला दोष देतो, अगदी कडवटपणे देतो, पण उत्सुकतेचं नावही काढत नाही. रांजणातून असंख्य दुःखं आणि रोग बाहेर पडतात. देवांचा राजा झ्यूस याने रोगांची वाचा काढून घेतली, म्हणून ते चाहूल न देता येतात, ही ओळ वाचताना अंगावर काटा येतो. पण भूक, कष्ट, यातना या मंडळींची नावनिशी तिथे नाही.

ती आहे त्याच्याच ‘थिओगोनी’ या देवांच्या वंशावळीच्या काव्यात. पोनोस म्हणजे कष्ट, लिमोस म्हणजे भूक, आल्गेआ म्हणजे यातना. ही एरिसची, कलहाची, लेकरं. एरिस ही रात्रीची मुलगी. या वंशावळीशी पँडोराच्या रांजणाचा काडीचाही संबंध नाही.

राहिला दुष्टपणा. हेसिअडच दुसरीकडे सांगतो की एरिस दोन आहेत, आणि त्यातली एक आळशालाही कामाला लावते. कुंभार कुंभाराशी चढाओढ करतो तो तिच्यामुळेच. इ. स. पू. ३८८ मधल्या ॲरिस्टोफेनीसच्या ‘प्लूटोस’ नाटकात पेनिया, म्हणजे दारिद्र्य, रंगमंचावर येऊन ठणकावते: सगळेच श्रीमंत झाले तर कष्ट करणार कोण? तिला हाकलून देतात, पण तिचा मुद्दा खोडणं कोणाला जमत नाही.

मला सर्वांत भावतो तो ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने नोंदवलेला प्रसंग. इ. स. पू. ४८० मध्ये, ग्रीकांनी पर्शियन आरमाराला हरवलेल्या सालामिसच्या लढाईनंतर, अथेन्सचा सेनापती थेमिस्टोक्लीस आरमारासह आंद्रोस बेटावर पैसे मागायला गेला. म्हणाला, माझ्यासोबत दोन मोठ्या देवता आहेत, मनधरणी आणि सक्ती, तेव्हा पैसे द्यावेच लागतील. आंद्रोसकरांनी सांगितलं, आमच्याकडेही दोन आहेत, दारिद्र्य आणि लाचारी. त्या निरुपयोगी आहेत, पण हे बेट सोडून जात नाहीत, म्हणून आम्ही काही देऊ शकत नाही. आमची असमर्थता तुमच्या सामर्थ्याला कधीच हार जाणार नाही. आपल्या हालअपेष्टांना पुढे करून बलाढ्य आरमाराला नकार देणारी ही माणसं त्यांना केवळ भूत मानत होती, असं कसं म्हणायचं? थेमिस्टोक्लीसने वेढा घातला, पण बेट त्याला घेता आलं नाही.