सीएसआरच्या 25 लाखांचा फॉरवर्ड आणि 21 हजारांची 'फाइल'

माझी मावशी सिन्नर तालुक्यात महिला मंडळ चालवते. शिवणवर्ग आणि पाळणाघर, एवढाच पसारा. परवा तिने फोनवर विचारलं, "एकवीस हजार भरायचेत म्हणे, भरू का रे?" निमित्त तोच फॉरवर्ड, जो आमच्याकडच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय: 'केंद्र सरकारचा सीएसआर निधी. प्रत्येक नोंदणीकृत संस्थेला 25 लाख. मंजुरी हमखास. फाइल चार्ज 21,000. 31 मार्चपूर्वी अर्ज करा.' खालच्या नंबरवर फोन केला की एजंट पुढचं सांगतो: पैसे आले की 40 टक्के त्याला रोख परत द्यायचे.

'केंद्र सरकारचा निधी' इथेच थाप सुरू होते. सीएसआर म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी. कंपनी कायदा, 2013, कलम 135. नेटवर्थ (मालमत्ता वजा देणी) 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक जरी लागू असेल तर त्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. पैसा कंपनीचा, निर्णय तिच्या संचालक मंडळाचा. कंपनी व्यवहार मंत्रालयाने 25 ऑगस्ट 2021 च्या परिपत्रकात प्रश्नोत्तरं देऊन हे स्पष्ट केलंय: कोणता प्रकल्प घ्यायचा, कोणाला द्यायचा, यात सरकारची भूमिका नाही. मग हा एजंट 'मंत्रालयातून मंजुरी' आणतो ती कुठून?

'प्रत्येक नोंदणीकृत संस्थेला' हेही खोटं. कंपनीने स्वतः न काढलेल्या संस्थेकडे आयकराची 12ए (संस्थेला करसूट) आणि 80जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी लागते आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. एवढं असूनही अनुदान हक्काचं होत नाही.

एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि नाइलाजाने मान्य करतो. 1 एप्रिल 2021 पासून असा निधी घेणाऱ्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-1 फॉर्म भरून नंबर घ्यावाच लागतो, आणि त्यावर सीए, कंपनी सेक्रेटरी (सीएस) किंवा कॉस्ट अकाउंटंटची सही लागते. त्या कामाची फी देणं गैर नाही. पण हे एजंट तोच नंबर मंजुरीपत्र म्हणून हातात ठेवतात. तो फक्त नोंदणी क्रमांक आहे, बाकी काही नाही.

आता ते 40 टक्के. मला खरा राग याचाच आहे. दिलेला पैसा ठरल्या कामावर खर्च झाला, असं कंपनीच्या वित्तप्रमुखाला प्रमाणित करावं लागतं. म्हणून कंपनी संस्थेकडून उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच गेला याचा दाखला), बिलं, फोटो मागते. 25 लाखांतले 10 लाख रोख परत गेले, तर ते हिशेबात कसे दाखवणार? न घेतलेल्या शिलाई मशीनची बिलं जोडून. त्यावर सह्या अध्यक्षांच्या आणि खजिनदारांच्या, एजंटचं नाव कुठेच नाही. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर लेखापरीक्षण अहवाल धर्मादाय कार्यालयात जातो, आणि गैरव्यवहार सिद्ध झाला तर धर्मादाय आयुक्त विश्वस्तांना काढू शकतात. 12ए गेलं तर पुढची खरी देणगीही अडते. वर्षानुवर्षं पदरमोड करून पाळणाघर चालवणाऱ्या बायकांनी कोणासाठी ही जोखीम घ्यायची?

हे नुसतं भय घालणं नाही. 2025 च्या सुरुवातीला केरळात सीएसआरच्याच नावाखाली अर्ध्या किमतीत स्कूटर, लॅपटॉप, शिलाई मशीन देतो म्हणून लोकांकडून, त्यातही बहुतेक बायकांकडून, पैसे गोळा केले गेले. पैसे गोळा करायला गावोगावच्या संस्थाच वापरल्या, आणि लोक जाब विचारायला त्यांच्याच दारात गेले.

एजंटांचा आणखी एक दावा: 'कंपनीच्या जवळच्या गावांना द्यावंच लागतं' म्हणे. कायद्यात स्थानिक भागाला प्राधान्य आहे, सक्ती नाही. मंत्रालयाच्या 2021 च्या त्याच परिपत्रकात आहे, वाचा.

राहिला 31 मार्च. फेब्रुवारी-मार्चमध्ये कंपन्यांची धावपळ होते, खोटं नाही. पण चालू प्रकल्पाची उरलेली रक्कम कंपनी वेगळ्या खात्यात ठेवून पुढची तीन वर्षं खर्च करू शकते. इतर शिल्लक सहा महिन्यांत पीएम केअर्ससारख्या ठरलेल्या निधीत जाते. घाईतला पैसाही ओळखीच्या, हिशेब चोख असलेल्या संस्थेकडेच वळतो. व्हॉट्सअॅपवरून फाइल पाठवणाऱ्याकडे नाही.