हयातीचा दाखला

रविवारी फोन बंद करून झोपलो. गुन्हा एवढाच. दुपारी दार धडाधडा वाजायला लागलं म्हणून जाग आली. उघडलं तर सोसायटीचे चेअरमनकाका, त्यांच्यामागे वॉचमन आणि वॉचमनच्या मागे पेटी सांभाळत उभा असलेला किल्लीवाला.

"आहेस होय!" काका म्हणाले. सुटकेपेक्षा हिरमोडच जास्त. किल्लीवाल्याचा तर चेहराच पडला.

सांगलीहून आईचा फोन आला होता. मुलाचं 'लास्ट सीन' काल रात्रीचं, मग काकांना स्वस्थ बसवणार कसं? त्यांनी व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्या तोंडासमोर धरला. "बघा वहिनी, उभा आहे. बोल रे काहीतरी. जरा वळून दाखव." मी वळलोसुद्धा!

काका बँकेतून रिटायर झालेले. पेन्शनरांचे हयातीचे दाखले तपासण्यात उमेदीची वर्षं गेली. "पेन्शनरला वर्षातून एकदा, नोव्हेंबरात दाखला द्यावा लागतो," ते म्हणाले. "तुझं काय जातं रोज एक गुड मॉर्निंग टाकायला?"

मग खुर्चीवरचा ओला टॉवेल दोन बोटांनी उचलून ते बसले.

"एकटाच होतास?"

"हो."

"काय करत होतास?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"झोपलो होतो. त्याआधी छताकडे बघत पडलो होतो."

काकांनी छताकडे पाहिलं. वॉचमननेही पाहिलं. दोघांची नजर पंख्यावर येऊन थांबली.

"नोकरी आहे ना रे अजून?" काकांचा आवाज एकदम मऊ झाला.

आहे. आठवडाभर ऑफिसच्या चॅटवर नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होऊ नये म्हणून मी माऊस हलवत बसतो. रविवारी कोणाला दिसायचं नसतं, इतकंच. पण हे सांगायचं कसं?

आमच्या सांगली जिल्ह्यातच मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ साली संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाईल बंद ठेवायची पद्धत सुरू झाली. ती बातमी मला आईनेच फॉरवर्ड केली होती, खाली जोडलेले हात. सबंध गावाने फोन बंद केला तर आदर्श उपक्रम, एकट्याने केला तर किल्लीवाला.

बरं, घरच्यांना वेळ द्यावा म्हणून दिवाळीला हौसेने गेलो. बाबा फुल आवाजात रील्स बघत होते. आई मावशीला व्हिडिओ कॉलवर दाखवत होती, मी चकली कशी खातोय ते. मला कोणी काही विचारलंच नाही. आणि 'हल्लीची पोरं घरात असून नसल्यासारखी' हे बाबांचं वाक्य मला फॅमिली ग्रुपवर वाचायला मिळालं, शेजारच्या खोलीत बसून.

किल्लीवाल्याने कुलपाला हातही न लावता दोनशे रुपये मागितले. माझ्याकडे! रोख नव्हती, म्हणून फोन चालू करावाच लागला. तेवढ्यात काकांनी मला सोसायटीच्या सुप्रभात ग्रुपवर घालून टाकलं. आता म्हणे ग्रुपमधून गुपचूप निघता येतं, सूचना फक्त ॲडमिनला जाते. ॲडमिन काकाच आहेत. आणि त्यांच्याकडे आईचा नंबर आहे.